उरलेले सात दिवस

तंजावर, कार्तिक वद्य ३, शके १८१९

कमलाक्षी,

वर मायना घातला नाही. काय घालावा ते कळलं नाही, म्हणून जागा मोकळी सोडली. आठ वर्षांमागे आप्पांनी तू जिवंत असताना तुझ्या नावाचा घट फोडला, तेव्हापासून या घरात तुझ्यासाठी कुठलाच मायना उरलेला नाही. पण अक्षर ओळखशील. आप्पा सरस्वती महालात पोथ्या उतरवायचे आणि वाया गेलेले कागद घरी आणायचे, त्यांवर आपण दोघी एकाच बोरूनं गिरवत होतो. तुझं अक्षर वाकडं, माझं सरळ. अजून सरळच आहे.

तुझा पत्ता तुळजाराममामांनी दिला. डोळे दाखवायला मद्रासला गेले होते. डोळे बरे झालेले दिसतात, कारण सगळं नीट बघून आले. तू बायकांच्या इस्पितळात नर्स आहेस, विधवा असून केस राखले आहेस, पायात वहाणा घालतेस, हे सगळं त्यांनी मला विहिरीपाशी सांगितलं आणि वर म्हणाले, "वेंकू, सीतारामला कळू देऊ नकोस हो." आपल्या भावाला मी काय कळू देते आणि काय नाही, ते मामांना शिकवायला नको.

मी ख्यालीखुशालीसाठी लिहीत नाही. एक विचारायचं आहे, तेवढं विचारते.

आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. अजून दहा पुरी झालेली नाहीत. दसऱ्याच्या सुमारास तिला खाली खाज सुटली. पोरी खाजवतातच, घरच्यांनी दोन चापट्या दिल्या आणि विषय संपवला. मग लघवीला बसली की रडायला लागली. मग पांढरं-पिवळं जाऊ लागलं, त्याला वास. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी परकरावर लाल डाग दिसला. लालच होता, मी स्वतः, म्हणजे मला त्यांनी तसं सांगितलं. त्या डागाचा घरच्यांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पण न्हाण आलेल्या मुलीचं चौथ्या दिवशी थांबतं ना गं? आज सातवा दिवस. लाल थोडंच आहे, पण पिवळं थांबत नाही, आणि चालते ती पाय फाकून. तुरटीचं पाणी झालं, हळद झाली, चुलीतली राख झाली. राख लावली तेव्हा किंचाळली.

मुलीच्या घरचे वैद्याला विचारायला लाजतात. पुरुष वैद्याला असलं कसं सांगायचं? तू तिकडे असलंच बघत असशील. औषधाचं नाव लिही, म्हणजे मी त्यांना सांगेन. दुपारी निजली तरी माझ्या कुशीत तळमळते.

(शेवटची ओळ खोडायची होती. शाई संपत आली आहे, राहू दे.)

पत्र तुळजाराममामांच्या पत्त्यावर पाठव.

वेंकूबाई

* * *

तंजावर, कार्तिक वद्य १०

कमलाक्षी,

तुझं पत्र मिळालं. बहिणीला आठ वर्षांनी लिहिलंस आणि पहिली ओळ काय, तर "मुलगी कोणाची?" त्याखाली, "माझी असेल तर तसं लिही. नसेल तरी आधी हे कर."

तुझीच आहे. सुंदरीच आहे.

तुला ते पहिल्या पत्रातच कळलं होतं. मग विचारलंस कशाला? माझ्या हातून लिहवून घ्यायला. घे, लिहिलं.

तू सांगितलंस ते सगळं करते आहे. राख बंद, तुरटी बंद, हळद बंद. नखं कापली. पाणी उकळून कोमट करायचं, त्यात तू पाठवलेली बोरिकची पूड, आणि सकाळ-संध्याकाळ तिला पसरट घंगाळात बसवायचं. धुताना पुढून मागे, उलटं नाही. हे मी शेहेचाळीस वर्षांची होईतो मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कोणाला सांगणार होते?

कापडाच्या घड्यांवरून मात्र घरात महाभारत झालं. तू लिहितेस, घड्या उकळा आणि कडक उन्हात वाळवा. उन्हात! आपल्या घरात या घड्या कुठे वाळतात, विसरलीस का? गोठ्यामागे, भिंतीच्या फटीत, वर दुसरं लुगडं टाकून, म्हणजे कोणा पुरुषाच्या नजरेला पडायला नकोत. त्या तिथे आठ-आठ दिवस ओल्याच असतात, कुबट वास मारतात. त्यातल्याच घड्या मी पोरीला दिल्या होत्या. तुझं वाचून मी त्या उकळल्या आणि थेट माडीवर दोरीला घातल्या. वत्सला धावत वर आली. "अय्यो अक्का, समोरच्या तिण्ण्यावर माणसं बसली आहेत!" मी म्हटलं, ओट्यावर बसली आहेत तर बसू देत, त्यांच्या बायकांच्याही घरात असतील. वत्सला आपली भावजय असली तरी माझ्यासमोर फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी कपाळाला हात लावून खाली गेली. तासाभरात पाऊस आला. मग शेगडीवर टोपली पालथी घालून, तिच्यावर वाळवल्या. तू हसशील. हस.

सुंदरी कशी आहे ते तू विचारलं नाहीस. औषधाचं विचारलंस, पोरीचं विचारलं नाहीस. की विचारायची हिंमत झाली नाही? उंच आहे. तुझ्यासारखंच उजव्या गालावर एका बाजूनं हसते. मराठी सगळं कळतं, बोलताना निम्मं तमिळ. दुखलं की नेमकं तमिळ तोंडात येतं. "अक्का, वलिक्कुदु, वलिक्कुदु," दुखतंय, दुखतंय. मलाही घरासारखं अक्काच म्हणते. मी तिला दुसरं काही म्हणायला शिकवलं नाही, एवढं माझ्या बाजूनं लक्षात ठेव.

जळजळ थोडी कमी आहे. पिवळं अजून आहे.

वेंकूबाई

* * *

तंजावर, मार्गशीर्ष शुद्ध १

कमळे,

तू लिहिलंस, तुझ्या ओळखीची डॉक्टरीणबाई किल्ल्याबाहेरच्या बायकांच्या दवाखान्यात आहे, तिला दाखवल्याशिवाय राहू नकोस. दाखवलं. झाकलेल्या गाडीतून नेलं. घरात सांगितलं, मोठ्या देवळात नेते. घरी आल्यावर दोघींनी डोक्यावरून अंघोळ केली आणि मग मला हसू आलं, की आता अंघोळीनं कोणाचं काय धुऊन निघणार आहे?

डॉक्टरीणबाई तमिळ आहे, ख्रिस्ती आहे, वयानं तुझ्याएवढी असेल. हात धुवायला तिला एवढा वेळ लागला की मला वाटलं ही आम्हाला बघतच नाही आता. सुंदरीला तिनं आधी बोलतं केलं, तुझ्या बाहुलीचं नाव काय, दारापुढे कोलम-रांगोळी काढता येते का. मी पडद्याआड तिचा हात धरून उभी होते. पोर रडली नाही. बघून झाल्यावर ती मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "ही वयात आलेली नाही. शरीराला त्याची एक खूणही नाही. ते रक्त जखमेचं होतं. ओल राहून कातडी सडली, पोरीनं खाजवून फोडली, त्यात जंतू गेले. लहान मुलींना असं पुष्कळदा होतं. लाजण्यासारखं यात काही नाही आणि मुलीची काही चूक नाही. तीन आठवड्यांत बरी होईल, पुढे काही त्रास राहणार नाही."

मग विचारलं, "ओल्या कपड्यात राहते का?"

मी म्हटलं, नाही.

सुंदरी दारातून म्हणाली, "राहते की. मंडळ होतं ना माझं."

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे बघितलं. अशी बघणारी माणसं मला आवडत नाहीत. पण सांगावं लागलं, तर तुलाही सांगते. नवरात्र बसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी पोरीला नेम दिला होता. पहाटे शिवगंगेच्या तळ्यात बुडी, ओलेत्यानं पिंपळाला एकवीस प्रदक्षिणा, एक मंडळ, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. आणि कापड बदलायचं नाही, अंगावरच वाळलं पाहिजे. हा शेवटचा नियम पोथीतला नाही, माझा आहे. मी स्वतः असेच नेम केले आहेत आणि मला काही झालं नाही, असं मी त्या बाईला म्हणणार होते. मग आठवलं, मलाही झालं होतं. तेरा वर्षांची असताना, विधवा झाल्याच्या पहिल्या चातुर्मासात. सहा महिने खाजवलं, दात ओठात रोवून बसले, आणि कोणाला बोलले नाही. मला वाटलं होतं, हे विधवांना होतं.

ऐप्पसी महिन्याचा पाऊस, ढगाळ हवा. पोरीचा परकर दुपारपर्यंत ओलाच असायचा. तशीच बसून ती कोलम काढायची. एक्केचाळिसाव्या दिवशी, तुळशीच्या लग्नाला, डाग दिसला आणि नेम तिथे थांबला.

नेम कशासाठी होता म्हणशील. घराच्या भल्यासाठी.

आता जे लिहायचं ते तीन दिवस लिहिलं नाही. कमळे, तुझ्या मुलीचं लग्न झालं आहे. गेल्या वैशाखात. पापनाशमचे लोक आहेत, आपलेच देशस्थ, शेतीवाडी आहे. सीतारामनं जमवलं. तुला कळवायचं ठरलंच नव्हतं, कारण मेलेल्या माणसाला कळवत नाहीत.

आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी डाग मी पहिला बघितला. मी वत्सलाला हाक मारली. मी पुट्टुसाठी तांदूळ भिजवले. गल्लीतल्या सगळ्या घरांत गूळ-खोबऱ्याचा पुट्टु मी माझ्या हातानं करून पाठवला, सुंदरीला न्हाण आलं म्हणून. चार दिवस ती मखरात बसली. पापनाशमला माणूस पाठवून वर्दी दिली. तिची सासू जयलक्ष्मी दुसऱ्याच दिवशी जरीचं परकरपोलकं घेऊन हजर. भटजींनी मुहूर्त काढला आहे, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, धनुर्मास लागायच्या आधी. ऋतुशांती आणि लगेच पाठवणी.

आज प्रतिपदा.

* * *

तंजावर, मार्गशीर्ष शुद्ध ६

कमळे,

तू मला काय काय म्हटलंस ते सगळं वाचलं. दोनदा वाचलं. काही शब्द तुला कुठे शिकायला मिळाले देव जाणे, आप्पांच्या घरात तर नव्हते. पण एकही चुकीचा नाही.

फक्त एक ऐक. येऊ नकोस.

तू लिहितेस, पहिल्या गाडीनं येते, पोरीला घेऊन जाते, बारा वर्षांच्या आत नवऱ्यानं बायकोला हात लावायचा नाही असा सरकारचा कायदा आहे, कलेक्टराकडे जाते. अगं, कायदा मद्रासला असेल. इथे तू दारात दिसलीस की सीताराम मुलीला त्याच गाडीनं पापनाशमला पोचवेल. मग मुहूर्त गेला खड्ड्यात, आणि पोर त्यांच्या दाराआड. तू तिची आई आहेस हे तिथे कोण मानणार? कागदोपत्री तू या घरची कोणी नाहीस.

मी सीतारामशी बोलले. सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईचं सुद्धा. तो झोपाळ्यावर बसला होता, पाय जमिनीला टेकून झोपाळा थांबवला. म्हणाला, "अक्का, आता मी पापनाशमला काय कळवू? न्हाण नव्हतं, रोग होता, असं कळवू?"

तो दुष्ट नाही गं. तो मूर्ख आहे, आणि भित्रा आहे, पण यात त्याचं म्हणणं खरं आहे. न्हाण नव्हतं म्हटलं, तर मग रक्त कसलं? रोगाचं. कसला रोग, तर त्या जागेचा. मग त्या जयलक्ष्मीच्या तोंडून साऱ्या पापनाशमात काय जाईल? नासकी पोर गळ्यात बांधली. टाकून देतील. दहा वर्षांच्या मुलीला टाकलेली म्हणून जन्म काढावा लागेल. डॉक्टरीणबाई म्हणते लाजण्यासारखं काही नाही. ती आपल्या गल्लीत राहत नाही.

आणि न सांगावं, तर द्वादशीला पोर जाते.

चुलीपाशी बसते आणि भात करपतो. माझा भात करपतो! गल्लीतल्या कोणाच्याही कार्याचा सोवळ्याचा स्वयंपाक वेंकूबाईशिवाय होत नाही, आणि काल घरात सगळ्यांनी करपलेला भात मुकाट्यानं खाल्ला.

एक गोष्ट अजून लिहिलेली नाही. लिहायची नाही असं ठरवलं होतं. मुलगा, म्हणजे तिचा नवरा त्यागराज, बिजवर आहे. सव्वीस वर्षांचा. पहिली बायको बाळंतपणात गेली. चौदाची होती.

हे मला लग्नाआधी ठाऊक होतं. मी बोलले नाही. सीताराम म्हणाला, बिनआईबापाच्या मुलीला कोण घेणार, आणि मला वाटलं, खरंच आहे. बिनआईची. आई मद्रासला जिवंत, आणि मी मान हलवली.

सुंदरीची जखम भरते आहे. मलमानं आग होत नाही म्हणते. पिवळं जवळजवळ गेलं. काल अंगणात लंगडी खेळली. बरी होते आहे याचा आनंद करावा की भीती धरावी, तेही मला कळत नाही, कारण बरी झाली की न्यायला मोकळी.

येऊ नकोस. मला काहीतरी करू दे. काय ते माहीत नाही.

अक्का

* * *

तंजावर, मार्गशीर्ष शुद्ध १४

कमळे, बाळ,

सुंदरी घरी आहे. आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

द्वादशीला सकाळी पापनाशमची मंडळी आली. जयलक्ष्मी आणि तिच्याबरोबर सात-आठ बायका, ओटीचं सामान, फुलांच्या परड्या. वत्सलानं दिवाणखान्यात सतरंजी घातली. भटजी होमाच्या विटा मांडत होते. मी कुठे असणार? स्वयंपाकघरात. अशा दिवशी माझ्यासारखीनं तोंड दाखवायचं नसतं, माझ्या हातचं चालतं, तोंड चालत नाही.

सुंदरीला जरीचं नेसवून बाहेर बसवलं. दारातून मला तिचा पाठमोरा अंबाडा दिसत होता. खोटा अंबाडा, गंगावन लावून बांधलेला, त्याच्या भारानं मान मागे ओढलेली. जयलक्ष्मीनं तिची हनुवटी धरून वर केली आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, "जरा बारीकच आहे, पण पहिलीही अशीच होती."

मी हातातली पळी खाली ठेवली आणि बाहेर गेले. सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. एक बाई चटकन तोंड फिरवून बसली. मी म्हटलं, "कार्य थांबवा. पोरीला न्हाण आलेलं नाही."

कमळे, मी खोटं बोलले. अगदी ठरवून, एक-एक शब्द भाजी निवडावी तसा निवडून. मी म्हटलं, "तुळशीच्या लग्नाच्या दिवशी वृंदावनापाशी कोलमच्या कडेला काव ओढली होती. लाल, ओली. पोर त्यात बसली. परकराला डाग पडला आणि मला या फुटक्या डोळ्यांनी ते रक्त दिसलं. मी कोणाला विचारलं नाही, बघितलं नाही, धुतलं नाही, आणि गावभर पुट्टु वाटला. पोर ठणठणीत आहे. तिला काहीही झालेलं नाही, न्हाणही नाही आणि दुसरंही काही नाही. चूक माझी."

मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. जयलक्ष्मी म्हणाली, "चार दिवस मखरात बसवली ती कशाच्या जोरावर? घड्या कोणी बघितल्या नाहीत?" मी म्हटलं, "मीच बघणार होते. पुट्टुच्या गडबडीत राहिलं." सीतारामकडे मी बघितलं नाही. त्याला खरं ठाऊक होतं, त्यानं एक शब्द काढला असता तर सगळं संपलं असतं. तो खांबाला टेकून उभा राहिला आणि गप्प बसला. त्याच्या आयुष्यात त्यानं केलेलं सगळ्यात मोठं काम ते. वत्सलाही गप्प राहिली. तिनं माडीवरच्या घड्या बघितल्या होत्या.

मग जयलक्ष्मी म्हणाली, "समईवर हात ठेवून सांग."

आपल्या आईची समई, हंसाची. मी हात ठेवला. काव होती, रक्त नव्हतं, म्हणाले. आजवर उपास मोडला नाही, एकादशीला पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि या समईवर हात ठेवून सगळ्यांदेखत खोटी शपथ घेतली. देवाला काय सांगायचं ते मी बघेन. त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे.

एक म्हणाली, हिला स्वतःला न्हाणाआधीच पांढरं कपाळ झालं, मखर कधी मिळालं नाही, म्हणून दुसरीचं मखर मांडायची घाई. दुसरी म्हणाली, विधवेची दृष्ट. भटजींनी विटा उचलल्या. न्हाणच नाही तर शांती कसली करणार? जयलक्ष्मी जाताना सीतारामला म्हणाली, "खरंच येईल तेव्हा कळवा. पण या बाईच्या तोंडचं आम्ही मानणार नाही." म्हणजे पोर अजून त्यांची सून आहेच, ते काही सुटलेलं नाही. पण चार-पाच वर्षं मिळाली. चार-पाच वर्षांत तू कलेक्टर काय, विलायतेच्या राणीला जाऊन भेट.

ते गेल्यावर मी गल्लीतल्या प्रत्येक घरी गेले. जिथे जिथे माझ्या हातचा पुट्टु गेला होता त्या प्रत्येक दारात उभी राहून तेच सांगितलं. तिण्ण्यावरूनच सांगायचं, आत कोणी घेतलं नाही. तुळजाराममामांच्या घरी फक्त पाण्याचा तांब्या आला. यापुढे कोणाच्या कार्याला मला स्वयंपाकाला बोलावणार नाहीत, हे तेराव्या-चौदाव्या दारातच कळलं. बरं झालं, गुडघे दुखतातच.

आता जे मुख्य ते.

नेम घराच्या भल्यासाठी होता असं मी लिहिलं, ते खोटं होतं. श्रावणात तुळजाराममामा तुझ्याबद्दल विहिरीपाशी सांगत होते, तेव्हा पोर खांबाआड होती. तिनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "अक्का, माझी अम्मा मेली नाही?" आणि मग रोज, अम्मा कधी येईल, अम्मा कधी येईल. मी वैतागून म्हटलं, "एक मंडळ ओलेत्यानं पिंपळाला प्रदक्षिणा घाल, मग येईल." गप्प बसवायला म्हटलं गं. आणि अंगावरच वाळव म्हटलं, म्हणजे चार दिवसांत कंटाळून सोडेल. ती कंटाळली नाही. खाज सुटली तरी सांगितलं नाही, नेम मोडेल म्हणून. आग होत असताना पाय फाकून एकवीस प्रदक्षिणा घालत होती. मला दिसत होतं. मला वाटलं, भक्ती चांगलीच.

मखरात बसली होती तेव्हा खूश होती. सगळं गाव बघायला येत होतं. तिसऱ्या दिवशी मला कानात म्हणाली, "इतकी माणसं आली. अम्मा शेवटी येणार का?"

आज सकाळी मी उठले तर अंथरुणात नाही. माडीवर नाही, अंगणात नाही. विहिरीपाशी उभी होती, जुना परकर हातात धरून. म्हणाली, "अक्का, आता बरं वाटतंय. एक्केचाळीस झाले. सात उरलेत. आजपासून सुरू करू?"

मी तिला मारायला हात उचलला आणि मग तिथेच पायरीवर बसले. किती दिवसांनी रडले ते मला मोजता यायचं नाही. तीच माझी पाठ चोळत होती. मी म्हटलं, नेम पुरा झाला, उरलेले सात दिवस मी घालते. तर म्हणते, "तुम्ही घातलेले चालणार नाहीत. अम्मा माझी आहे."

उद्या पौर्णिमा म्हणून मी तिला थांबवलं आहे. पौर्णिमेला नेम धरत नाहीत असं सांगितलं. तेही खोटं, आता मला सवय झाली आहे. पण प्रतिपदेला ती ऐकणार नाही. तुझी मुलगी आहे.

मी तुला येऊ नकोस लिहिलं होतं. आता लिहिते, ये. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी गाडीत बस. सीताराम काही बोलणार नाही, आणि बोललाच तर माझं आता आणखी काय जायचं राहिलं आहे? गल्ली बघेल, बघू दे. दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं ये.

आणि एक. आठ वर्षांमागे तू दार वाजवत होतीस, पोर आत रडत होती, तेव्हा आतून कडी आप्पांनी लावली असं तू आजवर धरून चालली असशील. आप्पा माजघरात बसून होते. कडी मी लावली. दोन्ही हातांनी लावली, जड होती.

ती आता रोज सकाळी मी काढून ठेवते. पोर पाण्यात उतरायच्या आत पोच.

तुझी अक्का